सामान भाडेकरूच्या ताब्यात, की भाडेकरू सामानाच्या?

प्रश्न असा आहे: करारनाम्याच्या इंग्रजी भाषांतरात तुम्ही ‘द गुड्स आर इन द पझेशन ऑफ द टेनंट’ असं लिहिलंत आणि तपासणाऱ्याने ‘पझेशन’आधीचा ‘द’ जादा म्हणून खोडला. एवढ्याने काही बिघडतं का, आणि बिघडत असेल तर आणखी कुठे कुठे जपायला हवं, असं तुम्ही विचारलंत.

बिघडतं. तो ‘द’ खोडल्यावर उरलेलं वाक्य काटेकोरपणे वाचलं, तर सामानाने भाडेकरूला ताब्यात घेतलंय. इथे वाचणारा हसून सोडून देईल, कारण सामान कुणाला ताब्यात घेत नाही हे त्यालाही कळतं. पण दोन्ही बाजूंना माणसं किंवा कंपन्या असल्या की हसण्यावारी नेता येत नाही. पहिली कंपनी दुसरीच्या ‘इन कंट्रोल ऑफ’ असेल तर सूत्रं पहिलीच्या हातात आहेत. तीच कंपनी दुसरीच्या ‘इन द कंट्रोल ऑफ’ असेल तर सूत्रं दुसरीच्या हातात गेली. बाकीचं वाक्य अक्षर न् अक्षर तेच. (स्वराआधी या उपपदाचा, म्हणजे आर्टिकलचा, उच्चार ‘दि’ होतो, पण वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळीकडे ‘द’च लिहितोय.)

असं का होतं हे एकदा नीट कळलं, की पाठांतर बरंच कमी होतं. ‘पझेशन’ म्हणजे ताबा, आणि ताब्याला दोन टोकं असतात: ताबा ठेवणारा आणि ताब्यात असलेली वस्तू. ‘ऑफ’ यातल्या कुठल्याही टोकाला जोडता येतो. ‘इन पझेशन ऑफ’ म्हटलं की ‘ऑफ’नंतर वस्तू येते: ‘ही इज इन पझेशन ऑफ द डॉक्युमेंट्स’, म्हणजे कागद त्याच्याकडे आहेत. ‘इन द पझेशन ऑफ’ म्हटलं की ‘ऑफ’नंतर ठेवणारा येतो: ‘द डॉक्युमेंट्स आर इन द पझेशन ऑफ रमेश’, म्हणजे कागद रमेशकडे आहेत.

यावर मी वापरतो ती कसोटी सांगतो. ‘ऑफ’ काढा आणि त्या नावाची षष्ठी करून पुढे आणा. ‘इन रमेशेस पझेशन’ असं बरोबर वाटलं, तर ‘ऑफ’वालं रूप लिहिताना ‘द’ हवाच. इंग्रजीत षष्ठीचा शब्द आणि उपपद एकाच खुर्चीवर बसतात. ‘द रमेशेस पझेशन’ असं कधीच होत नाही. रमेश खुर्चीवरून उठून ‘ऑफ’च्या मागे गेला की रिकामी खुर्ची ‘द’ घेतो. उलट ‘इन द डॉक्युमेंट्स पझेशन’ हे कानालाच विचित्र लागतं, म्हणजे तिथे खुर्ची कधी कुणाची नव्हतीच. (‘इन द टेनंट्स पझेशन’मधला ‘द’ भाडेकरूचा आहे, ताब्याचा नाही. भाडेकरूच्या जागी रमेश घातलात की तो पडतो.)

ही कसोटी बऱ्याच जोड्यांना चालते. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल नर्सवर सोपवलंय. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजेही तेच, पण बोलणं मुलाच्या बाजूने. ‘इन साइट ऑफ लँड’ म्हणजे जहाजावरून जमीन दिसू लागली. ‘इन द साइट ऑफ गॉड’ म्हणजे देवाच्या नजरेत. एकीकडे आपण पाहतोय, दुसरीकडे आपल्याला पाहिलं जातंय. ‘इन व्ह्यू ऑफ द एव्हिडन्स’ म्हणजे पुरावा लक्षात घेता, आणि ‘इन द व्ह्यू ऑफ द कोर्ट’ म्हणजे न्यायालयाच्या मते. पुराव्याला मत नसतं, न्यायालयाला असतं, त्यामुळे ही जोडी सहसा कुणी चुकत नाही. ‘इन नेम’ आणि ‘इन द नेम ऑफ’ यांच्यासाठी मराठीत इतकी नेमकी जोडी आहे की वेगळं शिकवावंच लागत नाही: नावाला आणि नावावर. ‘ओनर इन नेम ओन्ली’ हा मालक नावाला असतो, आणि खातं ‘इन द नेम ऑफ’ ज्याचं, त्याच्या नावावर असतं.

एक कबुली देतो. जुन्या इंग्रजी लेखनात ‘इन चार्ज ऑफ’ दोन्ही अर्थांनी सापडतं आणि शब्दकोशांत त्याची नोंदही आहे. तेव्हा तपासणारा एखादं जुनं उदाहरण तुमच्यापुढे ठेवू शकतो. ठेवू दे. करारनामा आजच्या वाचकासाठी असतो आणि त्यात दोन अर्थांना वाव ठेवणं हाच दोष आहे.

आता दुसरं कुटुंब. हे जास्त ओळखीचं आहे आणि माझ्या मते जास्त चुकीचं शिकवलं जातं. ‘इन हॉस्पिटल’ म्हणजे आजारी म्हणून दाखल, ‘इन द हॉस्पिटल’ म्हणजे त्या इमारतीत. ‘गो टू स्कूल’ म्हणजे शिकायला जाणं, ‘गो टू द स्कूल’ म्हणजे पालकसभेला किंवा मतदानाला त्या शाळेत जाणं. ‘इन प्रिझन’ कैदी असतो, ‘इन द प्रिझन’ कैद्याला भेटायला आलेला वकील किंवा नळ दुरुस्त करणारा. ही उदाहरणं बहुतेकांना पाठ असतात, पण त्यामागचं तत्त्व ‘मूळ उद्देश असेल तर द नको’ एवढ्यावर सोडून दिलं जातं. मग विद्यार्थी विचारतो, की पैसे काढायला गेलो तरी ‘गो टू द बँक’ का? बँकेचा मूळ उद्देश तोच ना?

तत्त्व मराठीतूनच पाहू. आपण ‘शाळा सुटली’ म्हणतो तेव्हा कुठलीही इमारत कुठूनही सुटत नाही. ‘शाळा बुडवली’ म्हणताना पाण्याचा संबंध नसतो. तिथे शाळा ही वस्तू नसून काम आहे, एक चालू व्यवहार. ‘शाळेला रंग दिला’ म्हणताच ती पुन्हा भिंती आणि छप्पर होते. इंग्रजीत उपपद गळालं, की नाम वस्तू राहत नाही, काम किंवा अवस्था होतं. ‘इन बेड’ म्हणजे झोपलेला किंवा आजाराने पडलेला, ती अवस्था आहे. ‘देअर इज अ स्पायडर इन द बेड’मधला कोळी मात्र झोपायला आलेला नाही, त्याच्यासाठी पलंग ही नुसती जागा. ‘गो टू सी’ म्हणजे खलाशी होणं, ‘गो टू द सी’ म्हणजे समुद्रावर जाणं. ‘बाय सी’ म्हणजे जलमार्गाने, ‘बाय द सी’ म्हणजे समुद्रकाठी. मालवाहतुकीच्या कागदात हा ‘द’ चुकून शिरला, तर माल जहाजाने आला नाही, किनाऱ्यावर ठेवलाय असं वाटेल.

मराठीला उपपद नाही म्हणून आपल्याला निश्चित-अनिश्चिताची जाणच नाही, असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ‘मी वकील शोधतोय’ आणि ‘मी वकिलाला शोधतोय’ यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. पहिल्यात कुणीही वकील चालेल. दुसऱ्यात एक ठराविक वकील आहे आणि तो फोन उचलत नाहीये. ‘ला’ लागला की माणूस ठराविक झाला, ‘ला’ गेला की तो नुसती गरज झाला. भाषांतर करताना अडलात, तर मनातल्या मनात हा ‘ला’ लावून पाहा. प्रत्येक वेळी चालणार नाही, पण कान तयार होतो.

बँकेच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की उपपद गाळणाऱ्या नामांची यादी छोटी आहे आणि ती वाढवायचा अधिकार आपल्याला नाही. शाळा, कॉलेज, युनिव्हर्सिटी, चर्च, तुरुंग, न्यायालय, हॉस्पिटल, बेड, सी, टाऊन, क्लास, होम, वर्क आणि अशीच थोडी. बँक, पोस्ट ऑफिस, सिनेमा, डॉक्टर त्यात नाहीत. गंमत म्हणजे ‘आय वेंट टू द डॉक्टर’मधला डॉक्टर ठराविक असेलच असं नाही. ऐकणाऱ्याला तो कोण हे माहीत नसलं तरी ‘द’ येतोच. म्हणजे इथे ‘द’ असूनही अर्थ कामाचाच आहे: तपासून घ्यायला गेलो. ‘लिसन टू द रेडिओ’ पण ‘वॉच टीव्ही’, ‘टेक द ट्रेन’ पण ‘बाय ट्रेन’. इथे तर्क लढवू नका, पाठ करा.

हॉस्पिटलच्या बाबतीत ब्रिटिश आणि अमेरिकन वाटा वेगळ्या आहेत. अमेरिकन माणूस रुग्णालाही ‘इन द हॉस्पिटल’च म्हणतो, त्याला दुसरं रूप परकं वाटतं. तसंच ‘इन फ्यूचर’चं. ब्रिटिश इंग्रजीत ‘इन फ्यूचर’ म्हणजे यापुढे, आजपासून, आणि ‘इन द फ्यूचर’ म्हणजे भविष्यात कधीतरी. ‘इन फ्यूचर, प्लीज नॉक’ ही कानउघाडणी आहे. अमेरिकेत दोन्हीसाठी ‘इन द फ्यूचर’ चालतं. म्हणून काम हातात घेतानाच कुठलं इंग्रजी हवंय ते विचारून घ्या. शाळा, तुरुंग आणि चर्च यांच्याबाबत दोघांत भांडण नाही.

ऑफिसचं प्रकरण वेगळं आणि मजेशीर आहे. ‘द मिनिस्टर इज इन ऑफिस’ म्हणजे मंत्री पदावर आहेत, भले ते सध्या परदेशात असोत. ‘इन द ऑफिस’ म्हणजे कचेरीत बसलेत. त्या हिशेबाने ‘आउट ऑफ ऑफिस’ म्हणजे पदावरून गेलेला. तरी सुट्टीवर गेलेल्या प्रत्येकाच्या ईमेलला ‘आउट ऑफ ऑफिस’ असं आपोआप उत्तर जातं आणि कुणाचं पद जात नाही. तो मथळा आहे, आणि मथळ्यात उपपदं गाळायची इंग्रजीची जुनी सवय आहे. पूर्ण वाक्य लिहिताना मात्र ‘आय ॲम आउट ऑफ द ऑफिस’ हेच लिहा. याच कारणाने वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून ‘द’ शिकू नका, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

आता माझा स्वतःचा घोटाळा. सुरुवातीच्या काळात एका अपघाताच्या जबाबाचं भाषांतर माझ्याकडे आलं. मूळ मराठी होतं: ‘मुलगा गाडीत पुढे बसला होता.’ मी घाईत लिहिलं, ‘द बॉय वॉज सिटिंग इन फ्रंट ऑफ द कार.’ म्हणजे मुलगा गाडीच्या पुढ्यात, रस्त्यावर बसला होता! हवं होतं ‘इन द फ्रंट ऑफ द कार’. मराठी हे काम सप्तमीच्या एका ‘त’वर करते, गाडीपुढे आणि गाडीत पुढे. इंग्रजी तेच ‘द’वर करते. वरिष्ठाने ते वेळेत पकडलं. पकडलं नसतं तर मुलाला धडक बसली की तो धडकेच्या वेळी आत होता, यावर सगळं प्रकरण फिरलं असतं.

या जोडीत ‘द’ गेला की ‘फ्रंट’ हे नाम उरतच नाही. ‘इन फ्रंट ऑफ’ हे तीन शब्दांचं मिळून एक शब्दयोगी अव्यय होतं, आपल्या ‘समोर’सारखं. ‘द’ आला की ‘फ्रंट’ पुन्हा खरा भाग होतो, गाडीचा पुढचा भाग. ‘इन केस ऑफ’चंही तसंच. ‘इन केस ऑफ फायर’ म्हणजे आग लागल्यास. ‘इन द केस ऑफ’ म्हणजे च्या बाबतीत. भाषांतरित सूचनाफलकांवर ‘आगीच्या बाबतीत लिफ्ट वापरू नये’ असं वाचलं की मूळ इंग्रजीत ‘द’ नव्हता आणि भाषांतरकाराने तो मनाने घातला, हे लगेच ओळखता येतं. ‘ऑन ओकेजन’ म्हणजे कधीमधी, ‘ऑन द ओकेजन ऑफ’ म्हणजे च्या निमित्ताने. ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणं, ‘टेक द प्लेस ऑफ’ म्हणजे एखाद्याची जागा घेणं. ‘बाय डे’ म्हणजे दिवसा, ‘बाय द डे’ म्हणजे दिवसाच्या हिशेबाने, रोजंदारीवर. ‘ऑन फायर’ घर असतं, ‘ऑन द फायर’ पातेलं. ‘बिहाइंड टाइम’ गाडी असते, म्हणजे उशिराने धावणारी. ‘बिहाइंड द टाइम्स’ माणूस असतो, जुन्या काळात अडकलेला. ‘इन रेड’ म्हणजे लाल कपड्यांत, ‘इन द रेड’ म्हणजे तोट्यात. शेवटचं हिशेबांच्या अहवालात भेटतंच.

अहवालांवरून आठवलं. सगळ्यात महागात पडणारा ‘द’ मला तिथे दिसलाय, काळाच्या शब्दांत. ‘लास्ट इयर’ म्हणजे गेलं कॅलेंडर वर्ष. मार्च 2024मध्ये लिहिलं असेल तर 2023. ‘द लास्ट इयर’ म्हणजे आत्तापर्यंतचे बारा महिने, मार्च 2023 ते मार्च 2024. मराठीत आपण दोन्हीला ‘गेल्या वर्षी’ आणि ‘गेल्या वर्षभरात’ असं नीट वेगळं म्हणतो आणि इंग्रजी लिहिताना मात्र एकच करतो. विक्रीचा आकडा कुठल्या बारा महिन्यांचा हेच बदललं, तर तक्ता आणि मजकूर जुळणार नाहीत. ‘नेक्स्ट वीक’ आजपासून मोजतात, ‘द नेक्स्ट वीक’ बहुधा गोष्टीतल्या एखाद्या दिवसापासून: त्यानंतरच्या आठवड्यात.

छोट्या गोष्टी भरभर. ‘अ नंबर ऑफ’ला अनेकवचनी क्रियापद, ‘द नंबर ऑफ’ला एकवचनी, कारण पहिल्याचा अर्थ ‘बरेच’ आणि दुसऱ्याचा ‘संख्या’. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर’ हा सहसा एकच माणूस, ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर’ ही दोन माणसं. सह्यांच्या जागा ठरवताना हे पाहा. ‘लिटल मनी’ म्हणजे जवळजवळ नाहीच, ‘अ लिटल मनी’ म्हणजे थोडे आहेत, ‘द लिटल मनी आय हॅड’ म्हणजे होते नव्हते तेवढे सगळे.

‘आउट ऑफ क्वेश्चन’ आणि ‘आउट ऑफ द क्वेश्चन’ ही जोडी व्याकरणाच्या पुस्तकांची लाडकी आहे: पहिलं म्हणजे निःसंशय, दुसरं म्हणजे अशक्य. माझं स्पष्ट मत, यातलं पहिलं शिकूच नका. आजच्या इंग्रजीत ते जवळपास कुणी लिहीत नाही, आणि लिहिलंत तर वाचणारा तुमचा ‘द’ राहिला असं समजून नेमका उलटा अर्थ घेईल. निःसंशय म्हणायचं असेल तर ‘बियाँड क्वेश्चन’ म्हणा.

राहिला तो सर्वसाधारण अर्थ. मराठीतून आलेल्या इंग्रजीत ‘द सोसायटी’ आणि ‘द नेचर’ यांची खैरात असते. एकंदर समाज म्हणायचा असेल तर नुसतं ‘सोसायटी’, एकंदर निसर्ग म्हणायचा असेल तर नुसतं ‘नेचर’. ‘द सोसायटी’ म्हणताच वाचणारा विचारतो, कुठली संस्था? ‘इन स्पेस’ म्हणजे अंतराळात, ‘इन द स्पेस’ म्हणजे त्या मोकळ्या जागेत. 1969मध्ये चंद्रावर पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँग यांचं जे वाक्य पृथ्वीवर ऐकू आलं, त्यात आधी ‘स्टेप फॉर मॅन’ होतं आणि पुढे ‘लीप फॉर मॅनकाइंड’. आपल्याला ‘फॉर अ मॅन’ म्हणायचं होतं, असं ते नंतर सांगत राहिले. तिथे उपपद ‘अ’ होतं, पण मुद्दा तोच. उपपदाविना ‘मॅन’ म्हणजे अख्खी मानवजात, आणि मग वाक्याचे दोन्ही अर्धे एकच गोष्ट सांगू लागतात.

उपपद नसण्यावरून किती मोठा वाद होऊ शकतो याचं उदाहरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचं आहे. त्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धानंतर, 22 नोव्हेंबर 1967 रोजी तिने ठराव क्रमांक 242 एकमताने मंजूर केला. इस्रायलने ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट’ सैन्य मागे घ्यावं, असं त्याच्या इंग्रजी मसुद्यात आहे. ‘फ्रॉम द टेरिटरीज’ नाही. एक बाजू म्हणते, ‘द’ मुद्दाम गाळलाय, म्हणजे ‘सगळ्या प्रदेशांतून’ असं ठरावाने म्हटलेलं नाही. दुसरी बाजू प्रस्तावनेकडे बोट दाखवते, जिथे युद्धाने प्रदेश मिळवणं अमान्य असल्याचं म्हटलंय, आणि फ्रेंच मसुद्याकडेही, ज्यात ‘दे तेरितवार’ असं उपपदासह आहे. त्यावर लिहिलेल्या पानांचा ढीग अजून वाढतोच आहे. अनेकवचनी नामाआधी ‘द’ आला की वाचणारा ‘सगळे, झाडून’ असा अर्थ घेतो. तो नसला की ‘काही’ या अर्थाला दार उघडं राहतं. ‘द डॉक्युमेंट्स सबमिटेड’ आणि ‘डॉक्युमेंट्स सबमिटेड’ यांत हेच अंतर आहे.

तेव्हा तपासणाऱ्याला लिहा, की ‘द’ परत घालतोय, आणि सोबत षष्ठीची कसोटी द्या: ‘इन द टेनंट्स पझेशन’ जमतं, ‘इन द गुड्स पझेशन’ जमत नाही. तरी ऐकलं नाही तर वाद वाढवण्यापेक्षा वाक्य फिरवा, ‘द टेनंट होल्ड्स द गुड्स’ करून मोकळे व्हा. मात्र ‘गुड्स’आधीचा ‘द’ त्याने शाबूत ठेवलाय का, तेही बघा. तो गेला, तर परिशिष्टातलं सगळं सामान की त्यातलं काही, हा नवा प्रश्न उभा राहील.